कोकणातलं नवान्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनंत चतुर्दशी झाली की नव्याविषयी विचारणा सुरू होते. बहुतेक प्रश्न मुंबई-पुण्याहून येतात, गावाकडून थोडे. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गावागणिक रीत बदलते, तेव्हा तुमच्या घरातली वेगळी असेल तर घरचीच पाळा. एवढं मात्र धरून चाला की हा आधी पिकाचा सण आहे, तिथी नंतर. हे ध्यानात ठेवलं की पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

१. नवान्न म्हणजे नेमकं काय? 'नवं बांधायचं' असं आजी म्हणते ते हेच का?

हो, हेच. खाचरात भात तयार झालं की पहिल्या लोंब्या घरात येतात, देवापुढे जातात आणि दाराला बांधल्या जातात. त्यानंतर नव्या तांदळाचा नैवेद्य होतो, आणि मग घरातली माणसं नवा तांदूळ खायला लागतात. दाराला बांधतात त्या जुडीला 'नवं' म्हणतात, आणि सगळ्या दिवसालाही 'नवं' किंवा 'नव्याची पुनव' म्हणतात. पंचांगात त्याला 'नवान्न पौर्णिमा' असं नाव आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा साऱ्या किनारपट्टीत हा सण या ना त्या रूपात होतो. मिरवणूक नाही, मूर्ती नाही, वर्गणी नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला तो चटकन दिसत नाही.

२. कोजागरी आणि नवान्न पौर्णिमा एकच ना? मग पंचांगात कधी कधी दोन वेगळे दिवस का असतात?

दोन्ही आश्विन पौर्णिमेचेच. फरक वेळेचा आहे. कोजागरी रात्रीची: लक्ष्मी-इंद्राची पूजा, जागरण, चांदण्यात आटवलेलं दूध. तिला पौर्णिमा रात्री असावी लागते. नवान्न दिवसा करायचं, त्यामुळे पौर्णिमा दिवसाच्या कोणत्या भागात आहे हे बघतात. पौर्णिमा एका दिवशी दुपारनंतर लागून दुसऱ्या दिवशी सकाळी संपली, तर आदल्या रात्री कोजागरी आणि दुसऱ्या दिवशी नवान्न असं छापलेलं दिसतं. पंचांग चुकलेलं नसतं.

ज्येष्ठ अपत्याला ओवाळायची आश्विनी याच पौर्णिमेची. ती संध्याकाळी असते, तेव्हा सकाळी नवं आणि दिवेलागणीला आश्विनी असा क्रम सहज जुळतो.

३. आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात, सासरी पौर्णिमेला, आणि गोव्यातल्या आत्याकडे तर गणपतीतच. बरोबर कोणाचं?

तिघांचंही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोकणात भाताच्या जाती तयार व्हायला लागणाऱ्या दिवसांवरून तीन गटांत मोडतात. हळवं भात साधारण ९० ते ११५ दिवसांत येतं, निमगरवं १२० ते १३५ दिवसांत, आणि गरव्याला त्याहून जास्त दिवस लागतात. कर्जत-३ आणि रत्नागिरी-१ या हळव्या जाती, जया निमगरवी, रत्नागिरी-३ गरवी. जूनच्या पहिल्या पावसावर पेरलं तर हळवं सप्टेंबरअखेर पिवळं पडायला लागतं, निमगरवं ऑक्टोबरच्या मध्यावर येतं आणि गरवं दिवाळीच्या तोंडावर. कुठलं भात कुठे लावायचं हे जमीन ठरवते. डोंगरउताराच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या खाचरात हळवं लावतात. खोलगट मळ्यात, जिथे पाणी उशिरापर्यंत टिकतं, तिथे गरवं.

आता तुमचा प्रश्न. उताराची, हळव्या भाताची वाडी असेल तर दसऱ्यापर्यंत लोंबी पिवळी झालेली असते. मग पाच दिवस थांबायचं कशाला? दसऱ्याच्या तोरणात आंब्याचं पान आणि झेंडूच्या बरोबरीने लोंब्या गुंफतात आणि तेच नवं. निमगरव्याच्या गावाला पौर्णिमा सोयीची पडते. गोव्यात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाला 'नव्याची पंचम' म्हणतात, तेव्हा गणपतीपुढेच नवी कणसं ठेवतात. तोवर दाणा पुरता भरलेला नसतो, बरेचदा हिरवाच असतो, पण पहिली कणसं देवाला हा भाव तोच आहे.

दोन्हीकडची रीत माहीत असलेली सून घरात आली तर दोन्ही करा. दसऱ्याला एक जुडी, पौर्णिमेला दुसरी, यात अडचण काय?

४. याची सुरुवात कुठून झाली? शास्त्रात काही आधार आहे का?

नव्या पिकाचा पहिला घास देवाला द्यायची चाल फार जुनी. वैदिक यज्ञविधींत 'आग्रयण' नावाची इष्टी आहे: शरदात नव्या भाताची, वसंतात यवाची म्हणजे जवाची, आणि पावसाळ्यात श्यामाकाची म्हणजे सावा-वरीसारख्या बारीक धान्याची. ती केल्याशिवाय नवं धान्य खाऊ नये असा दंडक होता. आश्वलायन गृह्यसूत्रात आश्विन पौर्णिमेचं 'आश्वयुजी' कर्म सांगितलं आहे आणि त्याला जोडूनच आग्रयण येतं. महिना तोच, धान्य तेच.

पण आपली रीत थेट त्या ग्रंथांतून खाली आली असं मी म्हणणार नाही. ज्या घरांत वेदपठण कधी झालं नाही, त्या घरांतही नवं तितक्याच निष्ठेने बांधतात. वारली-कोकणा वस्त्यांत कणसरीला, धान्याच्या देवीला, आधी दिल्याशिवाय नवं खात नाहीत. जिथे जिथे माणूस पावसावर भात पिकवून जगला तिथे तिथे हा संकोच निर्माण झाला असणार. चार महिने ज्याच्या भरवशावर काढले त्याला न विचारता ताटात वाढून कसं घ्यायचं? ग्रंथांनी त्याला मंत्र दिले आणि गावांनी गाऱ्हाणं दिलं (प्रश्न ११).

५. नव्यात काय काय बांधायचं? यादी द्या.

भाताच्या लोंब्या हव्यातच. त्यांच्या जोडीला नाचणीचं कणीस, वरीचं कणीस, कुर्डूचं फूल, झेंडू आणि या सगळ्याला धरायला आंब्याचं पान. कुठे तिळाचं फूल घालतात, कुठे काकडीच्या वेलाचा तुकडाही.

ही यादी वाटेल तशी जमलेली नाही. मळ्यातलं भात, वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीतली नाचणी-वरी, बांधावरचा कुर्डू, परसातला झेंडू, दारातला आंबा. घराभोवतीच्या जमिनीचा प्रत्येक तुकडा त्यात आला. कुर्डू तर कोणी लावतही नाही. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी होते आणि आश्विनात त्याला रुपेरी-गुलाबी तुरे येतात. तणातलं फूल भाताच्या मांडीला मांडी लावून देवापुढे बसतं, हे मला फार आवडतं.

बांधायची पद्धत अशी. आंब्याचं एक पान पालथं तळहातावर घ्यायचं. त्यावर दोन-तीन लोंब्या अशा ठेवायच्या की देठ पानाच्या देठाकडे आणि दाणे टोकाबाहेर लोंबतील. नाचणीचं कणीस वळलेल्या मुठीसारखं असतं, ते मधोमध. वरी आणि कुर्डू बाजूला, झेंडू सगळ्यांत वर. पान दोन्ही कडांनी दुमडून देठाशी आवळायचं आणि केळीच्या सोपाच्या दोरीने दोन वेढे देऊन गाठ मारायची. सोप ओला असेल तर गाठ सुकताना आणखी आवळते. सुतळी किंवा दोरा चालतो, पण लोंबी सुकली की देठ बारीक होतं आणि दोऱ्यातून जुडी निसटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसून ही गाठ एकदा शिकून घ्या.

६. कुठे कुठे बांधायचं?

देव्हारा, मुख्य दार, तुळस ही तीन ठिकाणं सर्वत्र. त्यापुढे ज्या ज्या वस्तूच्या जिवावर घर चालतं तिथे: कणगी, नांगर, जातं, व्हायन (उखळ) आणि मुसळ, विहिरीचा रहाट, गोठ्याचा खांब. हल्ली दुचाकी, रिक्षा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी यांनाही बांधतात. कोणी विचारतं, गाडीला बांधलं तर चालेल का? रिक्षावर ज्याचं घर चालतं त्याचा नांगर म्हणजे ती रिक्षाच.

७. लोंब्या कधी आणि कशा आणायच्या? दुसऱ्याच्या शेतातल्या चालतात का?

सकाळी दव सुकल्यावर, विळ्याने, देठ वीतभर लांब ठेवून. ओरबाडून आणू नका, पिकलेला दाणा झडतो. बऱ्याच घरांत कर्ता पुरुष किंवा घरची सून आंघोळ करून जाते, शेताला हळदकुंकू वाहते, आणि लोंब्या सुपात घेऊन येते. दारात तिच्या पायावर पाणी घालतात, सुपाला ओवाळतात आणि मगच आत घेतात.

दुसऱ्याच्या शेतातल्या चालतात, पण विचारून. कोकणात नव्यासाठी लोंब्या मागितल्या तर नाही म्हणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. न विचारता तोडल्या तर मात्र भांडण होतं, आणि ते रास्तच आहे. कुळाच्या किंवा खंडाच्या जमिनीचा प्रश्न निराळा, तो १४ मध्ये पाहा.

८. नैवेद्याला काय करायचं? नव्या तांदळाचा भात दरवेळी गिच्च होतो.

नवा तांदूळ गिच्चच होणार, कारण दाण्यात अजून ओल असते आणि तो चटकन चिकट होतो. जुन्या तांदळाला दुप्पट पाणी लागत असेल तर नव्याला दीडपट घालून पाहा आणि आच मंद ठेवा. मोकळा भात हवाच असा हट्ट या दिवशी धरू नये.

या चिकटपणाचा उपयोग होईल असा पदार्थच नैवेद्याला ठरलेला आहे: खीर. मूठभर नवा तांदूळ धुऊन निथळायचा, तुपावर जरा परतायचा आणि पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचा. मग गूळ, गूळ विरघळला की नारळाचा पातळ रस, आणि शेवटी आच अगदी कमी करून घट्ट रस आणि वेलची. घट्ट रस घातल्यावर उकळी आणू नका, फुटतो. जोडीला घावन, वडे किंवा काकडीचं धोंडस, घराच्या पद्धतीप्रमाणे.

पोटाने नाजूक माणसांना, तान्ह्याच्या आईला नवा तांदूळ जड पडतो. त्यांना नैवेद्याचा घास द्या आणि जेवायला जुनाच वाढा. रोजच्यासाठी नवा तांदूळ काही महिने ठेवून मगच काढण्यामागे हेच कारण आहे.

९. दिवाळीच्या पहाटे पोहे खातात ते पण नवान्नच का?

एका अर्थी हो. सिंधुदुर्गात नरकचतुर्दशीला 'चावदीस' म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि मग पोहे: गूळ-खोबऱ्याचे गोडे, तिखट, दुधातले, दह्यातले. एका वाडीत घरोघरी फिरून चारपाच तऱ्हेचे पोहे खाल्ले जातात. हे पोहे नव्या भाताचे असावेत असा संकेत आहे. त्या दिवसांत कापणी नुकती झालेली किंवा चालू असते आणि गरवं भातही हाताशी आलेलं असतं, त्यामुळे पौर्णिमेला ज्यांचं भात हिरवं होतं त्यांचं नवं इथे साजरं होतं.

घरी पोहे कांडताना ज्यांनी पाहिलं त्यांना तो वास कधी विसरता येत नाही. भात भिजत घालायचं, उपसून तापलेल्या खापरीत भाजायचं, दाणे तडतडायला लागले की तसेच गरम व्हायनात ओतायचे आणि दोघींनी आळीपाळीने मुसळ घालायचं. थंड झालं की दाणा चपटा होत नाही, फुटतो, म्हणून हात थांबवता येत नाही. मग सुपाने पाखडून तूस काढायचं. आता गिरणीतून पोहे करून मिळतात, आणि कष्ट वाचले हे चांगलंच झालं. फक्त गिरणीत आपलंच भात द्या.

१०. चुकून नव्याच्या आधीच नवा तांदूळ खाल्ला. दोष लागतो का?

नाही. बाजारातला तांदूळ कधीचा हे कुणाला ठाऊक असतं? मनाला रुखरुख असेल तर मूठभर तांदूळ देवापुढे ठेवून नमस्कार करा. हा नियम स्वतःच्या शेतातल्या धान्यापुरता होता, आणि त्यामागे एक व्यवहारही होता: अर्धं पिकलेलं भात भुकेपोटी घाईने कापलं जाऊ नये. भादव्यात कणग्या रिकाम्या असायच्या, त्या दिवसांत हा धाक पिकाला आणि पुढच्या वर्षाच्या बियाण्याला राखत असे.

११. गाऱ्हाणं घालावंच लागतं का? आम्हाला येत नाही.

ब्राह्मण, मंत्र, पोथी यातलं काही लागत नाही, पण देवाला दोन शब्द सांगायचे असतात. दक्षिण कोकणात घरातला मोठा माणूस हात जोडून सुरू करतो: 'बा देवा म्हाराजा…' आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. साधारण असं:

'बा देवा म्हाराजा, आज तुज्या शिवारात पिकलेला नवा तुज्या पायाकडे ठेवलेला आसा, ता मान्य करून घे. लेकरांबाळांक, गुराढोरांक सुखी ठेव. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. असोच दरवर्साक तुजो मान करून घे रे म्हाराजा.'

पाठ करायची गरज नाही. घरात कुणी आजारी असेल, मुलगी परदेशी गेली असेल, विहीर आटली असेल, तर तेही यात येतं. गाऱ्हाणं म्हणजे घरच्या देवाशी घरच्या बोलीत बोलणं, आणि पहिल्या वर्षी अडखळलात तरी साथ देणारे सांभाळून घेतात.

१२. सुतक असेल तर? आणि त्या दिवशी ग्रहण आलं तर?

सुतकात किंवा सोयरात नवं बांधत नाहीत. ते फिटल्यावर पुढच्या चांगल्या दिवशी बांधा. दसरा गेला तर पौर्णिमा आहे, पौर्णिमा गेली तर दिवाळी आहे. शेत वाट बघतं.

ग्रहणाचा प्रश्न २०२३ मध्ये खूप आला, कारण त्या वर्षी कोजागरीच्या रात्री, २८ ऑक्टोबरला, भारतातून दिसणारं खंडग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण मध्यरात्रीनंतरचं होतं, पण वेध दुपारीच लागत होते. ज्यांनी वेध पाळले त्यांनी सकाळीच नवं बांधून नैवेद्य आटोपला. पुढेही असं आलं तर तेच करा.

१३. पौर्णिमेपर्यंत भात पिकलंच नाही, किंवा परतीच्या पावसात गेलं. मग?

आधी तिथीचं सांगतो. आश्विन पौर्णिमा इंग्रजी तारखेत जवळजवळ महिन्याने मागेपुढे होते. २०२५ मध्ये कोजागरी ६ ऑक्टोबरला आली. अधिक मास असलेल्या वर्षी ती ऑक्टोबरच्या अखेरीस जाते, जशी २०२३ मध्ये गेली, आणि २०२६ मध्येही ज्येष्ठ अधिक असल्याने तशीच. भाताला अधिक मास कळत नाही, ते पावसावर आणि दिवसांवर येतं. त्यामुळे लवकरच्या पौर्णिमेला लोंबी हिरवी असणं अगदी साहजिक आहे. हिरवी लोंबी चालते. दाणा दाबल्यावर दूध निघालं तरी चालते. नैवेद्याला जुना तांदूळ घेऊन त्यात नव्या भाताचे चार दाणे सोलून टाका.

पावसात पीक गेलं असेल तर त्याचं दुःख मोठं आहे आणि त्यावर सणाची मलमपट्टी होत नाही. २०१९ मध्ये दिवाळीच्या दिवसांत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं. कापून आडवं टाकलेलं भात किनाऱ्यावर जिथे तिथे भिजलं आणि लोंबीतल्या दाण्यांना पेंढीतच मोड आले. असं पीक देवाला ठेवू नये असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जे आलं ते त्याच्यापुढे ठेवायचं, मोड आलेलं असेल तर तसंच, आणि गाऱ्हाण्यात ते सांगायचं. आणि हो, पंचनाम्यासाठी तलाठ्याला त्याच दिवशी कळवा, शेत साफ करायच्या आधी फोटो काढा.

१४. जमीन आमची, पण कसतात दुसरे. नवं कोणी बांधायचं?

दोघांनी. पण पहिली लोंबी कसणाऱ्याच्या दाराला. पहिल्या लोंब्या कापून 'मालकाकडे' पोचवायची जुनी चाल अजून काही ठिकाणी आहे. माझं मत स्पष्ट आहे: ती उलटी करावी. कसणाऱ्याने आपल्या घरी नवं बांधावं, मग प्रेमाने दिल्या तर मालकाने लोंब्या घ्याव्यात.

हे ठासून सांगण्यामागे इतिहास आहे. कोकणातल्या खोती गावांत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोताच्या ताब्यातल्या गावांत, भात कुळाने पिकवायचं आणि खळ्यावरच त्याचा मोठा वाटा खोताने उचलायचा, असं पिढ्यानुपिढ्या चाललं. वर वेठ वेगळी. दाराला नवं बांधलेलं, आणि पौषात घरात दाणा नाही, अशी घरं कमी नव्हती. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या कुळांनी खोतांची खाचरं पेरली नाहीत, आणि लाकूडफाटा विकून, मासेमारी-मजुरी करून दिवस काढले. भातावर जगणाऱ्या माणसाने वर्षामागून वर्षं शेत मोकळं ठेवायचं म्हणजे काय, हे ज्याने पेरणी केली आहे त्यालाच कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्यानंतर, आणि कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाण्याचा दिवस. आज स्वतःच्या कणगीला स्वतःचं नवं बांधता येतं, त्यामागे ही माणसं आहेत. मुलांना नव्याची गोष्ट सांगताना चरीची गोष्टही सांगा.

१५. नवं फक्त हिंदूंचं असतं का?

नाही, आणि कोकणाची खरी श्रीमंती इथेच आहे. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात 'आगेरा' होतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघरी वाटतात. गोव्यात 'कणसाचं फेस्त' ऑगस्टमध्येच येतं. सासष्टीतल्या रायचं फेस्त ५ ऑगस्टचं, त्याची ख्याती मोठी. खाली मंगळुरूकडचे कोंकणी ख्रिस्ती ८ सप्टेंबरला मोंती फेस्त करतात, मारियेला फुलं वाहतात आणि नव्या कणसातले दाणे घालून केलेलं जेवण घरातले सगळे एकत्र बसून जेवतात.

उत्तरेला पालघरमध्ये, डहाणू-जव्हारच्या बाजूला, भात तयार व्हायच्या सुमारास तारपा वाजायला लागतो. तारपकऱ्याभोवती हात गुंफून गोल नाच चालतो. कणसरीचा उल्लेख वर प्रश्न ४ मध्ये आलाच आहे.

१६. पोंगल, ओणमसारखा हा मोठा सण का नाही? सुट्टी का नाही? आणि आपला सुगीचा सण तर संक्रांत ना?

संक्रांत देशावरची सुगी आहे: ज्वारीचा हुरडा, हरभरा, ऊस, बोरं, तीळ. कोकणात पौषात खाचरं मोकळी असतात, फार तर कुळीथ-पावटा उभा असतो. आपण तिळगूळ वाटतो, पण पीक आलेलं असतं आश्विनात.

भारतात सगळ्या देशाचा म्हणून एक सुगीचा सण नाही, आणि तो असू शकतही नाही, कारण पीक एका वेळी येत नाही. भाताच्या मुलखात मात्र नव्याची भावंडं सगळीकडे आहेत: कोडगूत पुत्तरी, केरळात निरपुत्तरी, बंगालात नबान्न, पश्चिम ओडिशात नुआखाई. नुआखाई भाद्रपद शुद्ध पंचमीला असते, म्हणजे नेमकी गोव्याच्या नव्याच्या पंचमीच्या दिवशी. मधे अख्खा देश पसरलेला आणि दोन्हीकडे त्याच सकाळी नवं भात देवापुढे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांत नवान्न पौर्णिमा नाही. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून चाकरमान्यांच्या पुष्कळ घरांनी नवं दसऱ्याला आणलं आहे. त्यात गैर काही नाही.

१७. नारळी पौर्णिमेचा याच्याशी संबंध आहे का?

पिकाशी नाही. ती श्रावणातली, दर्याची. पण एकाच गावात कोळीवाडा आणि कुणबीवाडी असली की दोघांचं नातं दिसतं: श्रावणात नारळ समुद्राला, आश्विनात लोंबी घराला.

१८. मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो. लोंब्या कुठून आणायच्या? किती दिवस टिकतात?

दसऱ्याच्या आधी दादरच्या फूलबाजारात आणि उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर लोंब्या मिळतात. वसई, पनवेलच्या बाजूला ओळखीचं शेत असेल तर तिथून आणणं उत्तम. घेताना लोंबी झटकून पाहा. दाणे झडले तर फार पिकलेली आहे, बांधून टिकणार नाही.

जुडी आधी एक-दोन दिवस सावलीत उलटी टांगून सुकवा, मगच दाराला लावा. ओली लावली तर बुरशी येते. वर्षभर सहज राहते. चिमण्या येऊन दाणे खातील, खाऊ द्या. दाण्यात पाखरू झालं तर काढून उन्हात ठेवा.

१९. गावाला शेत आहे पण पडीक आहे. मग विकतची लोंबी आणून नवं बांधणं बरोबर का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असतो. तो नको. मजूर मिळत नाही, रानडुक्कर आणि माकडं काही ठेवत नाहीत, भावकीत वाटण्या झालेल्या नाहीत, ही कारणं खरी आहेत. विकतची लोंबीही कुणीतरी चिखलात उभं राहून पिकवलेलीच असते.

पण जमत असेल तर एक करा. सगळं शेत नको, घराजवळचा एखादा कुणगा गावातल्या कुणाला तरी कसायला द्या, बियाणं तुम्ही द्या, आणि पावसात एक फेरी लावणीला मारा. कापणीला पोरांना घेऊन जा. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेलं भात, करणार असाल तर लक्षात ठेवा: त्याचं वेगळं नवं नसतं. नवं पावसाच्या पिकाचंच.

२०. गेल्या वर्षीच्या नव्याचं काय करायचं?

नवीन बांधायच्या आधी जुनं उतरवा. कचऱ्यात टाकू नका. गावी असाल तर शेतात किंवा माडाच्या आळ्यात, शहरात असाल तर कुंडीत. काही घरांत जुन्या जुडीतले राहिलेले दाणे चोळून पेरणीच्या बियाण्यात मिसळतात. तसं करायचं असेल तर जुडी जूनमध्येच उतरवा, दाणा फुटतो का ते ओल्या फडक्यात बांधून आधी बघा, आणि दार तोवर आंब्याच्या डहाळीवर ठेवा.